रक्ताचा नमुना आणि त्यावरचा हक्क

रोग आणि जनुकं यांचा संबंध शोधणाऱ्या मोठ्या अभ्यासांत सामील झालेले सुमारे 78 टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, असं 2019 मधल्या एका आढाव्यात दिसलं. यावरचा ठरलेला उपाय म्हणजे वगळलेल्या समाजांतून जास्त नमुने गोळा करणं. नावाहो समाजातल्या तरुण जनुकशास्त्रज्ञ क्रिस्टल सोसी यांचा आक्षेप इथेच आहे, आणि तो मला पटतो: नमुने वाढूनही ताबा प्रयोगशाळेकडेच राहणार असेल, तर विषमता तशीच राहते.

याचा पुरावा अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात आहे. ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हावासुपाई जमातीत मधुमेह फार. 1990 पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना त्यांनी रक्त दिलं, ते या आजाराचं कारण कळेल या आशेने. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनिया, अंतःप्रजनन आणि जमातीचं प्राचीन स्थलांतर यांच्या अभ्यासासाठी वापरलं गेलं. आपला उगम याच दरीत झाला असं मानणाऱ्यांचे पूर्वज आशियातून आले, हा निष्कर्ष त्यांच्याच रक्तातून निघाला. संमतीपत्राची भाषा मोघम होती, त्यामुळे नियम मोडलाच नाही, असा बचाव झाला. पण तोंडी सांगितलेलं कारण एक आणि कागदावरचं त्याहून ऐसपैस, यातला फायदा कागद लिहिणाऱ्याचाच. 2010 मध्ये तडजोड झाली: 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर, आणि उरलेले नमुने परत. नावाहो नेशनने तर 2002 मध्येच जनुकीय संशोधन स्थगित केलं होतं.

नमुन्यांवर समाजाचाच ताबा राहावा अशा अटींनी विज्ञान मंदावेल आणि तोटा त्या समाजांचाच होईल, हा आक्षेप हलका नाही. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल जन्मतः कमी ठेवणारे पीसीएसके9 जनुकातले बदल 2005 मध्ये टेक्सासमधल्या आफ्रिकी-अमेरिकी लोकांत सापडले, आणि त्या दिशेने 2015 मध्ये नवी औषधं बाजारात आली. मात्र त्यांची सुरुवातीची किंमत वर्षाला 14 हजार डॉलरच्या घरात होती. शोधाला विविधता लागली. औषध ऐपतीप्रमाणे मिळालं. शिवाय सोसी संशोधन थांबवा म्हणत नाहीत. त्यांनी सहकाऱ्यांसह उभारलेली नेटिव्ह बायोडेटा कन्सॉर्शियम ही संस्था साउथ डकोटातल्या शायेन रिव्हर जमातीच्या भूमीवर, मूलनिवासींच्याच देखरेखीखाली नमुने आणि माहिती सांभाळते.

मग नमुन्यांबाबत निर्णय घेणारी जमातीची परिषद आजारी व्यक्तीच्या आड आली तर? येऊ शकते. पण विद्यापीठाची नैतिकता समितीही इतरांच्या वतीनेच ठरवते, आणि तिला नमुने देणारे निवडून देत नाहीत. शहरांत विखुरलेल्या मूलनिवासींसाठी कोणत्या परिषदेला विचारायचं, हे मात्र याही व्यवस्थेत अवघडच आहे.