दोन किल्ल्यांचा भरवसा

वडिलांची जुनी खतावणी चाळताना तिच्यात कोल्हापूर–मिरज प्रवासाचे पुठ्ठ्याचे एक तिकीट सापडले. आमच्या कोडोलीस रेल्वे नाही; उधारीच्या वसुलीसाठी वडील कोल्हापुरास येऊन गाडी धरीत. कोल्हापूर संस्थानाने बांधलेला तो मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. तिकिटावरील अनुक्रमांक पाहून माझ्यातील बँक अधिकारी सुखावला. एडमंडसन या इंग्रज रेल्वे कर्मचाऱ्याची ही पद्धत. शेवटच्या विकलेल्या तिकिटाचा क्रमांक पाहायचा आणि दिवसाची रोकड जुळवायची.

त्याच सुमारास आमच्याकडे शिखरजीच्या यात्रेची बैठक भरली होती. बालासोरचा अपघात नुकताच घडलेला. तिकीट हातोहात फिरले आणि एक ज्येष्ठ अडते म्हणाले, "साहेब, तेव्हाची रेल्वे भरवशाची होती. आता आपण बसच करू."

तेव्हाचा भरवसा कशावर उभा होता, हे रेल्वेच्या संग्रहालयांत दिसणाऱ्या नील यंत्रावरून कळते. एकेरी मार्गावर लगतच्या दोन स्थानकांत विजेच्या तारेने जोडलेली अशी दोन यंत्रे असत. पलीकडच्या स्टेशनमास्तरने संमती दिल्याखेरीज अलीकडच्या यंत्रातून पोलादी गोळा निघत नसे. तो एकदा निघाला की यंत्रात परत पडेपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघणे अशक्य. गोळा हाती असल्याशिवाय चालकाने पुढे जायचे नाही. बँकेची तिजोरीही दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांनीच उघडते. तेथे कोणाच्या सचोटीवर विसंबत नाहीत. (हे गोळे आणि हातकंदील आता हौसेने दिवाणखान्यात मांडतात. घेणाऱ्याने लिलावाची पावती अवश्य मागावी. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.)

२ जून २०२३ रोजी बालासोरजवळ नेमकी ही साखळी तुटली. सिग्नलच्या जोडणीतील चुकीमुळे मुख्य मार्गाचा सिग्नल हिरवा राहिला आणि गाडी मात्र मालगाडी उभी असलेल्या बाजूच्या मार्गावर गेली. दोनशे नव्वदांहून अधिक जीव गेले. दुसरी किल्ली पहिल्याच्याच खिशात असावी, तशी ही अवस्था. हा दोष लहान मानता येणार नाही.

तरीही हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. मोठे रेल्वे अपघात २०१४-१५ मध्ये १३५ होते, ते २०२३-२४ मध्ये ४० झाले. रूळ ओलांडताना किंवा लोकलमधून पडून होणारे मृत्यू या खात्यात येत नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. पण रस्त्यावर एकट्या २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसे दगावली. दीड हजार किलोमीटरहून लांबचा रस्ता, रात्रीचा प्रवास आणि एकाच चालकाची झोप. तेथे दुसरी किल्ली कोणाकडे?

मी एवढेच विचारले. बरीच चर्चा झाली. शेवटी पारसनाथ स्थानकापर्यंतची आरक्षणे झाली. बसवाल्याला दिलेला विसार मात्र बुडाला, आणि तो यात्रेच्या खर्चात धरावा की नाही, यावर त्या अडत्यांचे व माझे अद्याप एकमत नाही.