‘बुद्धकालीन’ काचमणी : खरे किती, खोटे किती?

लेणी पाहायला गेलेल्या उपासक-उपासिकांना एखादा विक्रेता हळूच पुडी सोडून दाखवतो : “बुद्धाच्या काळचे मणी आहेत, शेतात सापडले.” श्रद्धेपोटी खिसा रिकामा होतो. म्हणून या विषयाची चिकित्सा आम्ही आज करीत आहोत.

प्राचीन काचमणी ही काही दंतकथा नव्हे. सातवाहन काळातील तेर, पैठण, नेवासे येथे असे मणी मिळाले आहेत. तक्षशिलेच्या धर्मराजिका स्तूपाच्या परिसरात तर काचेच्या फरशा सापडल्या. ज्या कारागिरांनी ही काच घडवली, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या हातची वस्तू हाच त्यांचा इतिहास.

पारख कशी करावी? प्रथम भिंग घ्या. काचेची नळी ओढून, तिचे तुकडे करून बनवलेल्या मण्यात बुडबुडे भोकाच्या दिशेने लांबट दिसतात. साच्यातून काढलेल्या मण्यावर बहुधा जोडाची बारीक रेघ असते. पण एवढ्यावर निकाल देऊ नये. आंध्रातील पापानायडुपेट येथे विसाव्या शतकातही नळी ओढूनच मणी बनत. पद्धत जुनी म्हणून मणी जुना ठरत नाही.

दुसरी खूण झिलईची. जमिनीतील ओलाव्याने काचेतील क्षार निघून जातात, पृष्ठभागावर पातळ पापुद्रे धरतात व त्यांवर सप्तरंगी छटा दिसते. ही झीज कमी-अधिक, खाचाखळग्यांत मुरलेली असते. नकली मालावर आम्लाने किंवा रंगाने आणलेली झिलई अनेकदा सगळीकडे सारखी दिसते. काही अस्सल मणी मात्र आजही तुकतुकीत असतात, हेही ध्यानात ठेवावे.

“कार्बन चाचणी केली आहे,” असे कोणी म्हणाले तर सरळ उठून यावे. ती चाचणी लाकूड, हाड, धान्य अशा एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंची होते. काचेचे वय तिने कळत नाही. प्रयोगशाळेत काचेतील घटक तपासता येतात. सेलेनियमने लाल केलेली काच निघाली, तर ती सातवाहनकालीन नाही हे नक्की.

आणि मणी अस्सल निघाला तर? मग तो चोरून उकरलेला असण्याचा संभव मोठा. कोणत्या थरात, कोणत्या नाण्याशेजारी, कोणत्या स्तूपाच्या विटेखाली तो होता, ही साक्ष कायमची पुसली गेली. खोट्यात पैसा जातो, खऱ्यात आपला वारसा जातो. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार परवान्याशिवाय अशा वस्तूंचा व्यापार करणे गुन्हा आहे. शेतात काही सापडले तर ते धुऊ-घासू नये, जागा हलवू नये, तहसीलदारांना कळवावे.

कुणी सांगितले म्हणून मानू नका, हा तथागतांचा कालामांना उपदेश. मुलाबाळांना घेऊन तेरचे संग्रहालय पाहा. पुडीतल्या मण्यांपेक्षा तिथले मणी त्यांना अधिक शिकवतील.