कुणी हात दिला, तेही मोजूया



२०२० साल सरलं. मागं वळून पाहिलं की आधी काय गेलं तेच दिसतं. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. आठवडी बाजार थांबले, मजुरी थांबली. काही घरांतलं तर माणूसच गेलं. अशा बाईला "बाकीचे तरी वाचले ना" असं म्हणू नका. तिला रडू द्या.

पण त्या वर्षात कुणी सावरलं, तेही मोजायला हवं. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत रेशनकार्डावर माणशी ५ किलो जादा धान्य मोफत मिळालं. गावोगावच्या बचत गटांनी मास्क शिवले. गावाची सोय झाली, शिवणारीच्या हाताला काम मिळालं. सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई दारोदार फिरल्या. त्यांनी ताप पाहिला, ऑक्सिजन मोजला.

असं मोजल्यानं दुःख हलकं होईलच असं नाही. पण आपण एकट्या नव्हतो, हे कळतं. पुढच्या अडचणीत कुणाचं दार वाजवायचं, तेही कळतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. आभार मानले म्हणजे हक्क सोडला असं नाही. रेशन कमी मिळालं तर विचारायचंच. आशाताईला धन्यवाद द्या आणि तिच्या मानधनाच्या मागणीलाही साथ द्या.

पुढच्या बैठकीत बचत जमा झाली की प्रत्येकीनं एक नाव घ्या. "माझ्या अडचणीत हिनं हात दिला," असं सगळ्यांसमोर सांगा. कदाचित ती तुमच्या शेजारीच बसलेली असेल, आणि तिला हे आजवर कुणी सांगितलंच नसेल.