व्हॉट्सअ‍ॅपवर औषध लिहून दिले. डॉक्टरांची जबाबदारी किती?

समजा, जामनेरमधील रुग्णाने जळगावच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर त्रास कळवला आणि उत्तरात गोळ्यांची नावे आली. हा नुसता सल्ला नाही. कायद्याच्या दृष्टीने हा उपचारच आहे.

रत्नागिरीत प्रसूतीनंतर प्रकृती बिघडलेल्या महिलेला डॉक्टरांच्या गैरहजेरीत फोनवरून सांगितलेली औषधे दिली गेली. तिचा मृत्यू झाला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टर दाम्पत्याचा अटकपूर्व जामीन अर्ज फेटाळला. पुढे २५ मार्च २०२० रोजी केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली.

नियम काय सांगतात?

- रुग्णाने स्वतः संपर्क केला तर संमती गृहीत धरली जाते. आरोग्यसेविकेने फोन लावला तर रुग्णाची स्पष्ट संमती हवी.
- चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा.
- निदानाशिवाय औषध देणे हे गैरवर्तन ठरते.
- नशा आणणारी, एनडीपीएस कायद्याखालील औषधे देता येत नाहीत.
- सल्ल्याची नोंद जपणे आणि रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे.

फोनवर निदान होत नसेल, तर रुग्णाला प्रत्यक्ष बोलावणे ही डॉक्टरांचीच जबाबदारी. रुग्णांनी मात्र चॅट डिलीट करू नये. वाद झाला, तर तोच पुरावा ठरू शकतो.