आधी वजन विचारा

घरच्या वर्कशॉपसाठी मिलिंग मशीन शोधणारा माणूस पहिल्यांदा विचारतो ते मोटर किती हॉर्सपॉवरची, आणि मग टेबल किती लांब. (मिलिंग म्हणजे दळण नव्हे, हे घरच्यांना समजावणं त्याआधीच झालेलं असतं.) माझ्या मते पहिला प्रश्न मशीनच्या वजनाचा असावा. लेथवर जॉब फिरतो आणि टूल सलग कापत राहतं. मिलिंगमध्ये कटर फिरतो आणि त्याचा एकेक दात जॉबवर आदळतो. चार दातांचा, 10 मिलिमीटर व्यासाचा हायस्पीड स्टीलचा एंड मिल माइल्ड स्टीलवर मिनिटाला साधारण 800 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पन्नासहून जास्त घाव. ते सोसणारा सांगाडा लवला की कटर मागे सरतो, पुन्हा खोल घुसतो, कर्कश आवाज सुरू होतो, जॉबवर लाटा उमटतात आणि कटरची धार उडते. मोटर दुप्पट ताकदीची बसवून हा दोष जात नाही; लवणाऱ्या सांगाड्यावर जोर तेवढा वाढतो.

एका टोकाला घट्ट धरलेल्या दांड्याची मोकळी लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच जोराखाली तो आठपट वाकतो. कॉलमपासून पुढे आलेल्या हेडला आणि कोलेटबाहेर लोंबणाऱ्या कटरलाही हाच हिशेब थोड्याफार फरकाने लागू पडतो. म्हणून जाड कॉलम आणि भरपूर बीड हवं. बिडातलं ग्राफाइट कंपनंही शोषून घेतं. टेबलावर मावणारी मिनी मिल 50-60 किलोची असते, बेंचवरची मोठी मशीन 300 किलोच्या आसपास जाते, आणि 1938 साली अमेरिकेत जन्मलेल्या ब्रिजपोर्टसारखी नी-टाइप मशीन टनाच्या घरात. मधल्या गटात एक मेख आहे. गोल कॉलमची मशीन स्वस्त मिळते, पण लांब ड्रिल लावण्यासाठी हेड वर घेतलं की ते कॉलमभोवती फिरतं आणि जुळवलेली जागा हातची जाते. चौकोनी, डव्हटेल कॉलमसाठी चार पैसे जास्त मोजणं मला त्यामुळेच पटतं.

डिजिटल रीडआउट असला की बाकीचं चालून जातं, असंही एक मत आहे. रीडआउटच्या पट्ट्या मोजतात टेबलाची सरक. कापणं चालतं कटरच्या टोकाला. मधलं हेड मागे वाकलं तर पडद्याला त्याचा पत्ताही नसतो, आणि आकडा 5 मायक्रॉनपर्यंत चोख दिसत राहतो. रीडआउट सोयीचा आहे, मोजताना होणाऱ्या चुका वाचवतो, पण तो मागाहूनही बसवता येतो. बीड मागाहून वाढवता येत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये टनभर लोखंड न्यायचं कसं, हा आक्षेप मात्र खराच आहे. नेऊ नये. जो फक्त पितळ आणि ॲल्युमिनियमची छोटी मॉडेलं करतो, त्याला मिनी मिल पुरते. कट अर्ध्या मिलिमीटरचा घ्यायचा आणि वेळ द्यायचा. स्टीलची कामं असतील तर हेड, कॉलम आणि टेबल सुटं करून वर नेता येईल अशी जड बेंच मशीन घ्यावी, आणि जोडल्यावर डायल इंडिकेटरने स्पिंडल टेबलाशी काटकोनात आणावा. तळमजल्यावर पक्की फरशी असलेल्याला जुनी नी-टाइप मशीन परवडते. थ्री-फेज मोटरची अडचण 230/415 व्होल्टची मोटर डेल्टात जोडून आणि सिंगल-फेज व्हीएफडी लावून सुटते. बजेट आखताना व्हाइस, कोलेट, क्लॅम्प आणि कटर यांची रक्कम आधीच बाजूला काढावी. ती मशीनच्या किमतीला सहज गाठते.

जुन्या मशीनवरचा नवा रंग पाहून भुलू नये. टेबल मधोमध आणून गिब घट्ट करावी आणि मग टेबल दोन्ही टोकांकडे न्यावं. टोकाला अडकू लागलं, तर मधला भाग झिजलेला आहे, कारण बहुतेक काम तिथेच होतं.