अ‍ॅडिस्कमची शाळा आणि छावणीतला मुनशी

ज्या फौजेत हुकूम देणारा एका भाषेत वाढलेला आणि हुकूम झेलणारा दुसऱ्या भाषेत, त्या फौजेत कवाईत कितीही चोख असली तरी रजेचा अर्ज, थकलेल्या पगाराची तक्रार, जखमी शिपायाची शेवटची इच्छा आणि पलटणीत रात्री चाललेली कुजबूज अंमलदाराच्या कानी पोहोचेल की नाही, हा प्रश्न दररोज नव्याने उभा राहतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या तिन्ही इलाख्यांच्या फौजा अशाच होत्या. सोळा-सतरा वर्षांचा इंग्रज, स्कॉट किंवा आयरिश मुलगा कंपनीच्या एखाद्या संचालकाच्या शिफारशीने कॅडेटची सनद मिळवून, महिनोन्‌महिने जहाजावर काढून मुंबई, मद्रास वा कलकत्त्याच्या बंदरात उतरे, आणि थोड्याच काळात ज्या शिपायांच्या, नाइकांच्या आणि वयाने त्याच्या वडिलांएवढ्या असलेल्या सुभेदारांच्या रांगेपुढे त्याला उभे राहावे लागे, त्यांच्या घरी काय बोलतात, ते कोणाच्या हातचे पाणी पितात, कपाळावर गंध का लावतात, याची त्याला गंधवार्ताही नसे. कवाईतीचे इंग्रजी शब्द शिपाई पाठ करीत. माणसाशी बोलायचे म्हटले की ती विद्या संपे. अशा मुलाला अंमलदार करण्यापूर्वी परकी भाषा आणि परका लोकाचार शिकवण्याचा जो उद्योग कंपनीने अर्धशतकाहून अधिक काळ चालवला, त्याचा परिचय येथे करून द्यायचा आहे. माझे मत आरंभीच सांगतो: या उद्योगाची देखणी इमारत इंग्लंडात होती, पण त्याचे खरे विद्यापीठ इकडे, छावणीतल्या बंगल्याच्या ओसरीवर शिकवायला येणाऱ्या मुनशीपाशी आणि पंडितापाशी होते.

लॉर्ड वेलस्ली याने १८०० साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज काढले ते मुख्यत्वे मुलकी नोकरांसाठी. तेथे गिलख्रिस्ट हिंदुस्थानी शिकवी, आणि पुढे विल्यम केरी याने बंगालीच्या जोडीला मराठीही शिकवली; त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये व कोश १८१० मध्ये श्रीरामपूरला छापून निघाला, आणि त्यामागे वैजनाथ नावाच्या पंडिताचे साहाय्य होते, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. लष्करी मुलांसाठी कलकत्त्याजवळ बारासत येथे १८०२ मध्ये निराळी शाळा निघाली. नव्याने उतरलेल्या कॅडेटांना काही महिने एकत्र ठेवावे, कवाईत आणि हिंदुस्थानी शिकवावी, आणि मग पलटणीत धाडावे, ही योजना कागदावर उत्तम होती. पण घरापासून हजारो कोस दूर, वडीलधाऱ्यांचा धाक नसलेली ती तरुण मुले एका आवारात कोंडल्याचा परिणाम असा झाला, की बेशिस्त, कर्जबाजारीपणा आणि मारामाऱ्या यांसाठीच बारासतचे नाव गाजले आणि १८११ मध्ये ती शाळा मोडून टाकावी लागली.

तोपर्यंत कंपनीने मुलगा जहाजावर चढण्यापूर्वीच त्याला शिकवायचा, असा दुसरा बेत सिद्धीस नेला होता. सरे परगण्यात क्रॉयडन गावाजवळ अ‍ॅडिस्कम नावाची एक जुनी हवेली विकत घेऊन १८०९ मध्ये तेथे कंपनीची लष्करी पाठशाळा सुरू झाली. गणित, तटबंदीचे शास्त्र, मोजणी, नकाशे आणि निसर्गचित्रे काढण्याची कला, फ्रेंच आणि हिंदुस्थानी असा अभ्यासक्रम. बाहेर पडताना जाहीर परीक्षा, तिला कंपनीचे संचालक आणि निमंत्रित पाहुणे जातीने हजर. आणि त्या परीक्षेतल्या क्रमावर मुलाचे अवघे भवितव्य मुक्रर होई. अव्वल आलेले इंजिनिअर, त्यांच्या खालचे तोफखान्यात, उरलेले पायदळात. गोदावरीला बांध घालणारा आर्थर कॉटन, पंजाबचा हेन्री लॉरेन्स, पुढे सरसेनापती झालेला रॉबर्ट्स हे सारे या शाळेचे विद्यार्थी. आणि हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलीत शिरलेल्या एतद्देशीय शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश ज्याने बर्नेलच्या साहाय्याने रचला, तो हेन्री यूलही येथलाच.

हिंदुस्थानीचा अध्यापक जॉन शेक्सपियर. लीस्टरशरमधल्या एका साध्या शेतकऱ्याचा हा मुलगा स्वबुद्धीच्या बळावर पौर्वात्य भाषांत पारंगत झाला आणि वीस वर्षे अ‍ॅडिस्कमला शिकवून १८२९ मध्ये निवृत्त झाला. १८१३ मध्ये त्याचे हिंदुस्थानी व्याकरण आणि १८१७ मध्ये कोश प्रसिद्ध झाला. त्या दोन ग्रंथांवर कॅडेटांच्या कित्येक पिढ्या पोसल्या. काटकसरीने साठवलेल्या पैशातून त्याने उत्तरायुष्यात आपल्या नामसदृश महाकवीच्या जन्मघराच्या जतनासाठी २,५०० पौंड दिले. ही देणगी विषयाशी दूरान्वयानेच संबद्ध आहे, तरी माणसाची जात त्यातून कळते म्हणून नमूद केली.

शेक्सपियरच्या हाताखाली काही वर्षे एक लखनवी गृहस्थ शिकवीत असत, त्यांचे नाव मीर हसन अली. लंडनच्या धुक्याजवळच्या त्या खेड्यात, इंग्रजी पोरांच्या वर्गापुढे उभे राहून त्यांना अलिफ-बे गिरवायला लावणारा, ‘आप’ आणि ‘तू’ यांतले अंतर त्यांच्या कानी बसवणारा हा मुनशी १८१६ च्या सुमारास नोकरी सोडून, एका इंग्रज स्त्रीशी विवाह करून लखनौला परतला. त्याच्या पत्नीने सासरच्या जनान्यात सुमारे बारा वर्षे काढली आणि उत्तर हिंदुस्थानातल्या मुसलमान कुटुंबांचे सण, मोहरमचे विधी, विवाहाच्या चाली, पडद्याआडचे दैनंदिन जीवन यांविषयी पत्ररूपाने लिहिलेला तिचा ग्रंथ १८३२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. ज्या लोकाचाराचे ज्ञान अंमलदाराला हवे होते ते या ग्रंथात आहे, आणि ते पाठशाळेतल्या कोणा अध्यापकाने नव्हे, तर पाठशाळेतल्या मुनशीच्या संसाराने दिले आहे.

कारण अ‍ॅडिस्कममध्ये भाषा होती, पण लोकाचार हा विषय म्हणून नव्हता. त्याच्या अभावी काय होते याचा दाखला शाळा निघण्याच्या तीनच वर्षे आधी मिळाला होता. वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी गंध लावू नये, दाढी राखू नये आणि नव्या धर्तीची पगडी घालावी असे हुकूम सुटले, आणि १० जुलै १८०६ च्या पहाटे किल्ल्यात कत्तल उडाली. हे हुकूम काढणाऱ्यांपैकी कोणी आपल्याच पलटणीतल्या सुभेदाराशी त्याच्या भाषेत तासभर बोलला असता तरी तो रक्तपात टळण्याचा संभव होता, असे मला वाटते. भाषेचे शिक्षणही उणे होते. सैन्यात वरची जागा मिळण्यास गणिताने जेवढे बळ येई तेवढे हिंदुस्थानीने येत नसे, आणि हुशार मुलगा आपली शक्ती कोठे खर्च करील हे सांगायला नको. शिवाय शिकवली जाणारी भाषा दिल्ली-लखनौकडची, नागर आणि फारसीमिश्रित. आणि मुंबई इलाख्याच्या पलटणींत तर परदेशी म्हणजे उत्तर हिंदुस्थानी शिपायांच्या बरोबरीने रत्नागिरीकडचे मराठे, महार आणि इतर कोकणी लोक मोठ्या संख्येने भरती होत. त्या शिपायाने आईच्या आजाराची हकीकत आपल्या बोलीत सांगितली, की शेक्सपियरचे व्याकरण मुखोद्गत असलेला लेफ्टनंटही निरुत्तर होई.

येथे मुनशीचे काम सुरू होई. सकाळची कवाईत आटोपली की साहेबाच्या बंगल्यावर मुनशी हजर होई. तो पारशी असे, मुसलमान असे, ब्राह्मण असे. प्रथम वाचन, मग भाषांतर, आणि मग सर्वांत कठीण प्रकार, तो हस्तलिखित अर्जांचा. छापील पुस्तक वाचता येणे निराळे आणि कारकुनाने घाईघाईने मोडीत किंवा शिकस्त लिपीत खरडलेला कागद लावणे निराळे. अंमलदारासमोर येत ते असलेच कागद. मीर अम्मनची ‘बाग-ओ-बहार’ आणि लल्लूलालाचा ‘प्रेमसागर’ ही हिंदुस्थानीच्या परीक्षेची ठरलेली पुस्तके; त्यांतले उतारे वाचून अर्थ सांगायचा, इंग्रजी मजकूर देशी भाषेत उतरवायचा, आणि परीक्षकांदेखत एतद्देशीयाशी संभाषण करायचे. उत्तीर्ण झालेल्याला पलटणीत दुभाष्या अंमलदाराचा हुद्दा मिळू शके, आणि त्याचा भत्ता कर्जात बुडालेल्या तरुणाला फार मोलाचा वाटे. व्यासंगाचे बीज पुष्कळदा या भत्त्याच्या आशेत होते, याचे मला वैषम्य वाटत नाही. ज्या सरकारने विद्येला पगार जोडला त्याने शहाणपणा केला.

१८४२ मध्ये १८व्या मुंबई पलटणीत दाखल होण्यासाठी आलेला रिचर्ड बर्टन हे या पद्धतीचे सर्वांत तेजस्वी उदाहरण. तो अ‍ॅडिस्कमचा नव्हे. लंडनमध्ये डंकन फोर्ब्सकडे थोडी हिंदुस्थानी शिकून तो मुंबईस उतरला, आणि येथे दोसाभाई सोराबजी या वृद्ध पारशी मुनशीपाशी त्याने अध्ययन आरंभले. पलटण बडोद्याला, तेथे नागर ब्राह्मणाकडून गुजराती. १८४३ मध्ये हिंदुस्थानी व गुजराती, आणि त्यानंतर मराठी, अशा परीक्षा तो देत गेला. त्याची परीक्षा घेणारे जनरल व्हॅन्स केनेडी स्वतः सोळाव्या वर्षी कॅडेट म्हणून मुंबईस आलेले. बरीच वर्षे लष्करी न्यायखात्याचे प्रमुखपद सांभाळून त्यांनी १८२४ मध्ये मराठीचा कोश प्रसिद्ध केला होता.

मराठीचा याहून मोठा लाभ मात्र जेम्स मोल्सवर्थ याच्यामुळे झाला. हाही सोळा वर्षांचा असताना मुंबईच्या फौजेत आला. पलटणीतल्या नोकरीत त्याने आपल्या उपयोगासाठी मराठी शब्द जमवायला आरंभ केला, पुढे सरकारने त्याला या कामावर नेमले, टॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे बंधू, तेही लष्करी अंमलदारच, त्याला मिळाले, आणि शास्त्रीमंडळींचा एक ताफा कामाला लागला. शब्द कोठल्या मुलखात चालतो, तो काव्यातला की बोलण्यातला, प्रौढ की ग्राम्य, त्याला चिकटलेल्या म्हणी व वाक्प्रचार कोणते, याची छाननी करीत हा कोश १८३१ मध्ये सिद्ध झाला. त्याआधी दोन वर्षे, त्याच उद्योगातून, केवळ मराठीत अर्थ देणारा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ निघाला. त्याचे कर्ते जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले. हेच परशुरामपंत पुढे ‘नवनीत’ या मराठी काव्यसंग्रहाचे संपादक झाले. मोल्सवर्थने धर्मनिष्ठेमुळे लष्करी हुद्दा सोडला, आणि १८५७ मध्ये बाबा पदमनजींच्या साहाय्याने कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली. टॉमस कँडी पुण्यातच राहिला, तेथील कॉलेजचा प्रमुख झाला, सरकारी भाषांतरे तपासू लागला, आणि आज आपण लिहिताना जी विरामचिन्हे सहज वापरतो त्यांचे शास्त्र त्याने मराठीत प्रथम मांडले. शिपायाशी बोलता यावे म्हणून शिकवायला घेतलेल्या भाषेने या माणसांचे सारे आयुष्य व्यापले.

असे अंमलदार थोडे, आणि शतक जसजसे पुढे सरकले तसतसे ते आणखी थोडे झाले. सीताराम पांडे या सुभेदाराच्या नावावर असलेल्या आणि १८७३ मध्ये इंग्रजीत निघालेल्या आठवणींत हीच खंत आहे: पूर्वीचे साहेब आमच्याशी आमच्या भाषेत बोलत, आमच्यात मिसळत, नंतरच्यांनी ते सोडले. त्या आठवणींच्या प्रामाण्याविषयी विद्वानांत वाद आहेत. पण त्यांचेच उर्दू रूप पुढे इंग्रज अंमलदारांच्या परीक्षेला पाठ्यपुस्तक म्हणून लागले, यावरून ती तक्रार फौजेलाही पटली होती असे दिसते. १८५७ नंतर कंपनी गेली आणि १८६१ मध्ये अ‍ॅडिस्कम बंद झाले. हवेली विकून पाडण्यात आली. परीक्षा मात्र राहिल्या. हिंदी सैन्यात येणाऱ्या इंग्रजाला उर्दू आणि त्याशिवाय आपल्या पलटणीची भाषा शिकावी लागे. मराठा पलटणीत ती मराठी.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाची दिशा पालटली. शिपाई आणि अंमलदार एकाच देशाचे झाले, आणि परकी भाषा ती सीमेपलीकडची. संरक्षण खात्याने १९४८ मध्ये दिल्लीस परकी भाषांची शाळा काढली, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत कॅडेटांना अरबी, चिनी, फ्रेंच व रशियन या भाषा शिकवल्या जातात. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा सिंहगडाच्या पायथ्याशी बसून चिनी अक्षरे गिरवतो, याचे मला अपार समाधान वाटते. त्या विषयाला त्याच्या पुढच्या नेमणुकीत गणिताइतकेच वजन मिळावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आणि एक विनंती आपल्या तरुण अभ्यासकांना. सहा शास्त्र्यांची नावे कोशाच्या निमित्ताने उरली, दोसाभाईंचे बर्टनमुळे, मीर हसन अलींचे त्यांच्या पत्नीच्या ग्रंथामुळे. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, बेळगाव येथील छावण्यांत पगारावर शिकवणाऱ्या शेकडो मुनशी-पंडितांची नावे मात्र कोणी एकत्र केलेली नाहीत. मुंबईच्या पुराभिलेखागारात कंपनीच्या लष्करी खात्याची दफ्तरे आहेत. त्यांत नेमणुका, भत्ते आणि परीक्षा यांचे कागद धुंडाळून या शिक्षकांची यादी कोणीतरी तयार करावी.