थंडी खालून लागते

डिसेंबर लागला की पुण्या-नाशकातल्या पेट शॉपच्या दाराशी कुत्र्यांचे स्वेटर टांगलेले दिसू लागतात. लाल, चौकड्यांचे, टोपीवाले. घेणाऱ्याचा कुत्र्यावर जीव असतो यात शंका नाही. पण आपल्याकडची थंडी वेगळी आहे. निफाडला काही रात्री पारा पाच अंशांखाली उतरतो, तरी दुपारी ऊन चटका देतं. कुत्र्याला गाठते ती पहाट, आणि तीही बऱ्याचदा अंगाखालच्या फरशीतून.

कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश, म्हणजे आपल्यापेक्षा थोडं जास्तच. शहाबादी फरशी, टाइल्स, सिमेंटचा ओटा ती ऊब रात्रभर ओढून घेतात. रस्त्यावरच्या कुत्र्याला हे शिकवावं लागत नाही. वॉचमनची शेकोटी विझली की तो राखेत वेटोळं करतो (आत निखारा असला तर पोळतोही), बांधकामाच्या वाळूत खड्डा उकरतो, नुकत्याच लावलेल्या गाडीखाली शिरतो. सकाळी गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघायचं ते यासाठीच.

तेव्हा पहिला खर्च अंथरुणाचा. लाकडी फळी किंवा पुठ्ठा, त्यावर दुमडलेलं गोणपाट, एवढ्यानेही बराच फरक पडतो. कुत्रा अंगणात किंवा शेतावर झोपत असेल तर जुन्या गोधडीपेक्षा भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड बरं. गोधडी दव पिऊन गार पडते. पेंढा मोकळा राहतो आणि कुत्र्याला त्यात घुसून बसता येतं. आडोसा ऐसपैस नको. स्वतःच्या अंगाच्या उबेने तापेल एवढीच जागा हवी, आणि तोंड वाऱ्याकडे नको.

स्वेटर कुणाला लागतो? लातूरकडच्या कारवानीसारख्या सडपातळ, आखूड केसांच्या कुत्र्याला, म्हाताऱ्याला, आजारातून उठलेल्याला. तोही कोरडा असेल तरच. ओला झालेला स्वेटर तात्काळ काढावा. हस्कीला मात्र कृपा करून घालू नका. त्या बिचाऱ्याच्या अंगावर दुहेरी लोकर आहे, त्याचा खरा छळ एप्रिलमध्ये सुरू होतो.

अंघोळ कमी करा. घालायचीच तर दुपारी, कोमट पाण्याने, आणि मुळापर्यंत कोरडं करून. खुराकाचं म्हणाल, तर बाहेर राहणाऱ्याला भाकरीचा एक तुकडा जास्त द्यावा. सोफ्यावर झोपणाऱ्याला नको, तो थंडीत फक्त जाड होतो. म्हातारा कुत्रा सकाळी उठताना मागचे पाय ओढत असेल तर सांधे आखडलेले असू शकतात. अशा वेळी घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देण्याचा मोह होतो. दोन्ही गोळ्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको.

थंडीत खरी वाताहत होते ती पिल्लांची. आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांचा माजाचा काळ बहुतेक पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो आणि गाभण काळ सुमारे ६३ दिवसांचा, त्यामुळे ऐन थंडीत गल्लोगल्ली पिल्लं दिसतात. जन्मल्यावर पहिले काही दिवस पिल्लाला धड कुडकुडताही येत नाही. आई आणि भावंडं यांच्या ढिगातून ते बाजूला पडलं की गार पडत जातं. म्हणून आई आसपास असेल तर पिल्लं उचलून नेऊ नका. ती खायला शोधायला गेलेली असते. थोडं लांब थांबून वाट बघा आणि तोवर आडोसा नि पेंढा द्या.

आई नाहीच आणि पिल्लू गार, निपचित सापडलं, तर हात लगेच दुधाच्या वाटीकडे जातो. तिथेच घात होतो. गारठलेल्या पिल्लाचं आतडं नीट चालत नाही, त्याला धड गिळता येत नाही, दूध फुफ्फुसात जाऊ शकतं. आधी ऊब. कोरड्या फडक्यात गुंडाळा, कोमट पाण्याची बाटली कापडात बांधून शेजारी ठेवा, आणि घाई न करता अंग तापू द्या. हीटरसमोर धरू नका, नाजूक कातडी पोळते. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर नकोच, तिचा धूर माणसांनाही मारतो. पिल्लू हालचाल करू लागलं, तोंडाने चोखू लागलं, की मग दूध. तेही गाईचं नको, त्याने जुलाब होतात. पिल्लांसाठीची दूध पावडर पशुवैद्यकांकडे किंवा पेट शॉपमध्ये मिळते, बहुधा त्या स्वेटरांच्याच मागच्या फळीवर.